उन्हाचा बंब

पौषातली सांज. अकोला-अमरावतीकडची माउली कापूस वेचून घरी येते आणि न्हाणीच्या पाण्यासाठी पुन्हा पऱ्हाटीच्या धुरात बसते. टिनावर दिवसभर पडलेले ऊन मात्र वाया जाते! उन्हाला सरपणाच्या जागी जुंपावे, असा ग्रंथ विल्यम अ‍ॅडम्स यांनी 1878 साली मुंबईत प्रयोग करून लिहिला. आपण त्याहून सोपे काम करू.

ठिबकाची 16 मिलिमीटरची, छिद्रे नसलेली काळी नळी घ्या. 100 मीटर नळीत सुमारे 15 लिटर, म्हणजे बादलीभर पाणी मावते. दक्षिणेकडे उतरत्या टिनावर तिचे वेटोळे बांधा. एक तोंड त्याहून उंच ठेवलेल्या टाकीला जोडा, दुसरे न्हाणीपर्यंत आणून तोटी लावा. ऊन कलले की नळीही निवते. म्हणून घरच्या म्हाताऱ्यांनी चारच्या आत पाणी काढून, भांडे झाकून गोधडीत गुंडाळावे. पाणी चटका देते. लेकराच्या अंगावर घेण्याआधी हात लावून पाहा. ते पिऊ मात्र नका.

गुरुजी, एक काळा, एक पांढरा डबा पाणी भरून उन्हात ठेवा. तापमापक मुलांच्या हाती द्या. मुले घरी जाऊन सांगतील, आणि माउलीचे डोळे एका धुरातून तरी सुटतील.