भारमान आणि प्रतीक्षा : सार्वजनिक वाहतुकीतील संशोधन व प्रशिक्षण

सार्वजनिक वाहतुकीच्या सुधारणेविषयी महापालिकांत आणि वृत्तपत्रांत जी चर्चा चालते, ती बहुतांशी गाड्यांची संख्या, तिकिटाचे दर आणि संस्थेचा तोटा या तीन गोष्टींभोवती फिरते. या विषयातील संशोधनाने मात्र गेल्या साठ वर्षांत थांब्यावरील प्रतीक्षेला मध्यवर्ती स्थान दिले असून, हे संशोधन आणि वाहतूक अधिकाऱ्यांना मिळणारे शिक्षण यांच्यात पडलेले अंतर हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

महाराष्ट्रात एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने देशभरातील अशा उपक्रमांना चौकट दिली, आणि 1967 मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संशोधन, चाचणी व प्रशिक्षण यांसाठीची संस्था उभी राहिली. या परंपरेत घडलेला अधिकारी आगाराची कामगिरी ज्या मापांनी जोखतो, ती मापे ठरलेली आहेत: एका लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर धावली, ताफ्यातील किती गाड्या प्रत्यक्ष मार्गावर होत्या, वाटेत किती बिघाड झाले आणि भारमान किती मिळाले. भारमान म्हणजे उपलब्ध केलेल्या आसनक्षमतेपैकी प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या क्षमतेचे शेकडा प्रमाण. ही मापे आवश्यक आहेत, त्यांच्यावाचून आगार चालणार नाही. परंतु ती सर्व गाडीची मापे आहेत आणि गाडीत अद्याप न चढलेला माणूस त्यांपैकी एकातही दिसत नाही.

तो माणूस हिशेबात घेतल्यास काय घडते, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. एखाद्या शहरी मार्गावर तासाला सहा गाड्या असतील आणि त्या बरोबर दहा-दहा मिनिटांनी येत असतील, तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर येणाऱ्या प्रवाशाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा गाड्या एकदा चार मिनिटांनी व एकदा सोळा मिनिटांनी, अशा आलटून पालटून आल्या, तर दोन गाड्यांमधील सरासरी वेळ दहा मिनिटेच राहतो, पण सरासरी प्रतीक्षा 6.8 मिनिटांवर जाते. आणि त्या जोडीजोडीने वीस मिनिटांनी आल्या, तर ती थेट दहा मिनिटे होते. कारण उघड आहे: वीस मिनिटांच्या चक्रात सोळा मिनिटांची फट असेल, तर शंभरातील ऐंशी प्रवासी त्या मोठ्या फटीतच थांब्यावर पोहोचतात आणि चार मिनिटांच्या फटीचा लाभ उरलेल्या वीस जणांनाच मिळतो. संख्याशास्त्राच्या पुस्तकांत हा नियम विरोधाभास म्हणून सांगितला जातो. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्यात विरोधाभास वाटण्याचे कारण नाही. गाड्या, इंधन आणि कर्मचारी यांत काहीही फरक न पडता सेवा निम्म्याने खालावू शकते, आणि आगाराच्या दैनिक अहवालात मात्र सर्व फेऱ्या पूर्ण झाल्याची नोंद राहते.

गाड्या अशा घोळक्याने का येतात, याचे गणिती विवेचन गॉर्डन नेवेल आणि रेनफ्री पॉट्स यांनी 1964 मध्ये केले. सिग्नलवर दोन मिनिटे अडकलेल्या गाडीला पुढच्या थांब्यावर नेहमीपेक्षा अधिक प्रवासी भेटतात, त्यांना चढवून घेण्यात तिला अधिक वेळ लागतो आणि ती आणखी मागे पडते; तिच्या मागून येणाऱ्या गाडीला मात्र थांबे जवळजवळ रिकामे मिळतात, त्यामुळे ती लवकर निघते आणि अखेर पुढचीला गाठते. दोष चालकाचा नसून मार्गाच्या स्वभावातच ही अस्थिरता असते, आणि प्रवासी चढण्यास जितका वेळ अधिक, तितकी ती वेगाने वाढते. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने 1991 मध्ये नळीच्या आकाराचे, भाडे आधीच घेणारे आणि गाडीच्या आतील तळाच्या उंचीचे थांबे उभारले, त्यांचे मर्म येथे आहे. भारतात वाहक बहुधा चालत्या गाडीत तिकीट देतो, म्हणून विलंब तिकिटापेक्षा अरुंद दारात आणि उंच पायऱ्यांवर अधिक होतो. परदेशातील उपाय उचलताना हा फरक लक्षात घेतला जात नाही.

प्रतीक्षेला किंमत किती द्यावी, हा प्रश्न अर्थशास्त्राने सोडवला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बार्ट ही रेल्वे 1972 मध्ये सुरू होण्यापूर्वी डॅनियल मॅकफॅडन यांनी तेथील नोकरदारांच्या प्रवासाचा अभ्यास करून तिला 6.3 टक्के वाटा मिळेल असे भाकीत केले. अधिकृत अंदाज 15 टक्क्यांचा होता आणि प्रत्यक्ष वाटा 6.2 टक्के निघाला. निवडीच्या या विश्लेषणपद्धतीसाठी त्यांना 2000 चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. तिच्या आधारे पुढे झालेल्या अभ्यासांतून, थांब्यावर उभे राहण्याचे एक मिनिट प्रवाशाला गाडीत बसलेल्या सुमारे दोन मिनिटांइतके जड जाते, हे गृहीतक नियोजनात रूढ झाले.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील चित्र याहून वेगळे आहे. वाहतूक अभियांत्रिकीचा विद्यार्थी प्रथम जे एकक शिकतो ते पीसीयू, म्हणजे रस्त्यावरील प्रत्येक वाहनाने अडवलेली जागा किती मोटारींइतकी आहे हे सांगणारा अंक. त्यानुसार एक बस साधारणपणे तीन मोटारींइतकी धरली जाते. पन्नास माणसे नेणारी बस आणि चारपाच माणसे नेणाऱ्या तीन मोटारी या मापात समान ठरतात. रस्त्याची रुंदी ठरवण्यासाठी हे एकक योग्यच आहे, पण रस्ता कोणासाठी हे ठरवताना तेच वापरले की निर्णय आधीच झालेला असतो. दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद या 5.8 किलोमीटरच्या पट्ट्यावर 2008 मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली, तेव्हा वाद पेटला तो मोटारी किती वेळ खोळंबतात यावर; दिल्ली आय.आय.टी.तील दिनेश मोहन आणि गीतम तिवारी हे अभ्यासक मात्र वाहनांऐवजी माणसे मोजण्याचा आग्रह धरत होते. उच्च न्यायालयाने 2012 मध्ये मार्गिकेविरुद्धची याचिका फेटाळली, तरीही 2016 मध्ये ती उखडली गेली. मार्गिकेच्या आराखड्यात त्रुटी होत्या, विशेषतः चौकांतील सिग्नलच्या रचनेत. पण त्या दुरुस्त करण्याइतका काळ तिला मिळाला नाही.

प्रतीक्षा मोजण्याची सोय मात्र आता झाली आहे: नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थाननिदर्शक यंत्र बसवणे 2019 पासून सक्तीचे झाल्याने दोन गाड्यांमधील वेळेची नोंद आज आपोआप साठते. तिच्यावरून थांब्यागणिक प्रतीक्षा काढणे पदवीच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. अवघड आहे ते पुढचे: मागून येणारी गाडी वाटेत दोन मिनिटे रोखून धरली, तर पुढच्या थांब्यांवरील लोकांची प्रतीक्षा घटते, पण आत बसलेल्या चाळीस जणांची प्रत्येकी दोन मिनिटे जातात, ही तडजोड कोठे फायद्याची, हे वाहतूक नियंत्रकाला शिकवण्याचा विषय आहे.

मात्र हे सारे गणित वारंवार येणाऱ्या शहरी गाड्यांचे आहे आणि एस.टी.च्या ग्रामीण मार्गांवर ते जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. दिवसात दोनच गाड्या असलेल्या गावात प्रवासी वेळ पाहूनच घराबाहेर पडतो, त्यामुळे तेथे मोजावयाची गोष्ट म्हणजे रद्द झालेली फेरी. संध्याकाळची मुक्कामी गाडी आली नाही, तर सकाळी तालुक्याच्या महाविद्यालयात आणि बाजारात जाणारी पहिली गाडीही राहत नाही. आगाराच्या हिशेबात त्या दिवशी दोन फेऱ्या कमी झालेल्या दिसतात. आणि त्या फेऱ्या कमी प्रवाशांच्या असल्या, तर उरलेल्या फेऱ्यांची सरासरी वर जाऊन भारमान सुधारल्याची नोंद होते.