वादळ किती वाजता येणार?
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही, चाकणलाही नाही. मग समुद्राच्या पाण्यावर येथे बोलण्याचे प्रयोजन काय, असे आपणांस वाटेल. परंतु आपल्यापैकी कित्येकांची नातीगोती श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडे आहेत, आणि ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर चढले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. घाट ओलांडून वादळ आपल्या जिल्ह्यातही आले.

वाऱ्याने उडालेली कौले दिसतात. परंतु मोठ्या चक्रीवादळांत माणसे बहुधा पाण्याने मेली आहेत. नोव्हेंबर १९७० मध्ये, आजच्या बांगलादेशात, किमान तीन लाख माणसे गेली. नोव्हेंबर १९७७ मध्ये आंध्रच्या दिवी भागात व आसपास सुमारे दहा हजार. वाऱ्याने रेटलेला समुद्र नेहमीच्या भरतीवर काही मीटर चढून गावांत शिरला होता.

हे पाणी किती चढेल, याचा हिशेब करता येतो. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येते. ही वाढ लहान. खरे काम वारा करतो: त्याचा वेग दुप्पट झाला की पाण्यावरचा रेटा साधारण चौपट होतो. खोल समुद्रात रेटलेले पाणी खालून परत फिरू शकते; उथळात ते साचते. बंगालच्या उपसागराचे टोक उथळ आणि निमुळते, म्हणून तेथे इतका अनर्थ होतो.

संगणक समुद्राचे लहान लहान तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यात पाणी किती आले, किती गेले, हे थोड्याथोड्या सेकंदांनी पुनःपुन्हा मांडतो. मोटार धडकली तर पत्रा कोठे चेपेल, हेही असेच तुकडे पाडून काढतात; तेव्हा चाकणच्या मुलांना ही रीत परकी वाटू नये! आपल्याकडे पी. के. दास यांनी बंगालच्या उपसागरासाठी असे गणित १९७२ साली प्रसिद्ध केले. पुढे दिल्लीच्या आय.आय.टी.त ते वाढले आणि हवामान खात्याच्या उपयोगी पडले.

आता कोकणाची गोष्ट. येथे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक तीन-चार मीटरांचा असतो; आंध्रच्या किनाऱ्यावर तो पुष्कळ कमी. म्हणून माझ्या मते, कोकणासाठी 'वादळ केवढे' याइतकाच 'किती वाजता' हा प्रश्न मोठा आहे. 'निसर्ग' आले तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. वादळाने किनारा ओलांडला तो दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, म्हणजे ओहोटी लागल्यावर. तेच पाणी रात्रीच्या भरतीवर बसले असते तर? ताशी वीस किलोमीटरने सरकणारे वादळ सव्वाशे किलोमीटर मागे राहिले, की सहा तास गेले आणि ओहोटीची भरती झाली. यासाठी एकच उत्तर काढून भागत नाही. वेळ, वाट आणि वेग थोडा थोडा बदलून तेच गणित अनेकदा चालवावे लागते.

आणि यंत्र कितीही मोठे असो, जमिनीची उंची चुकीची दिली तर उत्तरही चुकते. सपाट खाजणात अर्ध्या मीटरच्या चुकीने पाण्याची रेघ शेकडो मीटर सरकते. ही उंची मोजायला मात्र महासंगणक लागत नाही. सुट्टीत गावी जाल तेव्हा पौर्णिमेच्या भरतीला पाणी कोठवर येते तेथे खूण करा. मग गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी लावून शाळेची पायरी त्या खुणेपेक्षा किती उंच आहे ते मोजा, आणि तो आकडा शाळेच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा.