येवल्याच्या मागावर



इंग्लंडात श्रॉपशर परगण्यात ब्लिस्ट्स हिल नावाचं एक गाव आहे. गाव कसलं, 1973 साली लोकांसाठी खुलं झालेलं संग्रहालयच ते! व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या दिवसांतलं सगळं तिथे मांडून ठेवलंय. लोहार ऐरणीवर घण घालतो, मेणबत्त्या ओतल्या जातात, छापखान्यात खिळे जुळवतात. आपले पैसे मोडून जुने पेनी-शिलिंग घ्यायचे आणि त्यांवर दुकानातला खाऊ घ्यायचा. मौज आहे. पण फाटक बंद झालं की कारागीर तो जुना पोशाख उतरवून घरी जातो.

आता आपल्या जिल्ह्यात या. नाशिकहून ऐंशीएक किलोमीटरवर येवला. त्याच राणीच्या अमदानीत, 1883 साली निघालेल्या नाशिकच्या गॅझेटियरात येवल्याच्या रेशीमकामाची नोंद आहे. ते काम तिथल्या घराघरांत आजही चालतं, आणि बघायला तिकीट नाही. विणकर शर्ट-पँटमध्ये, खिशात मोबाइल; पाय मात्र मागाच्या खड्ड्यात.

पैठणीच्या पदराचं काम चालू असेल तर जरा टेकाच. जरीच्या जमिनीवर मोर उठवायचा, तर हिरव्या, निळ्या, लाल रेशमाची वेगवेगळी कांडी. हिरवा संपतो तिथे शेजारचा धागा त्यात अडकवून माघारी वळवायचा, मागे लोंबता सोडायचा नाही. एका ओळीत अशा कितीतरी कांड्या. म्हणून दिवसभर हात चालवूनही पदर बोटांनी मोजावा एवढाच सरकतो, आणि म्हणूनच तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी यंत्रमागावरची नक्कल थांबलेली नाही. बस्त्यात मानपानाच्या साड्यांची चळत घेणाऱ्यानं ती घेतली तर मी नावं ठेवणार नाही. हातमागाचे पैसे मोजून ती घरी येऊ नये, एवढंच. उद्या कुणी विणकरांना धोतर-पागोटं नेसवून येवल्याचं ब्लिस्ट्स हिल करायला निघालं, तर मात्र मी विरोध करीन. माग चालतो तो गिऱ्हाइकावर, बघ्यांवर नव्हे.

साडी घ्यायचीच असेल तर पदर उलटा करून दाखवा म्हणायला लाजू नका. मागे कापलेले, लोंबते धागे दिसले तर ती बहुधा यंत्रमागाची. आणि मागाशी बसलात तर ओळ अर्धी असताना विणकराला बोलतं करू नका. कांड्यांचा हिशेब चुकतो.