पाण्याची जायची वाट

आज कोडिंगला सुट्टी, आज गाडीबद्दल बोलू.

मागच्या जुलैची गोष्ट. पुण्यात आमची गाडी सोसायटीबाहेर गुलमोहराखाली उभी असते. चार दिवस संततधार, गाडी जागची हलली नव्हती. पाचव्या दिवशी आईचं डोळ्याचं ऑपरेशन. गाडी सुरू झाली, पण नुसती थरथरत होती आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. शेवटी धावतपळत रिक्षा केली.

गॅरेजवाल्या काकांनी वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढली. आत गुलमोहराच्या बारीक पानांचा नुसता लगदा! पुढच्या काचेवरचं पाणी या जाळीतून खालच्या पन्हळीत जातं आणि कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी इंजिनवर ठिबकतं. माझ्या गाडीत ते स्पार्क प्लगच्या खळग्यात साचलं होतं, म्हणून एक सिलिंडर कामच करत नव्हता.

मी विचारलं, "काका, फटीत सिलिकॉन भरूया का?"

"अरे, पाणी येणारच. त्याची जायची वाट मोकळी ठेव."

तर, पावसाळ्याआधी आणि मग दर रविवारी ही पानं हाताने वेचा. नंतर काचेवर मगभर पाणी ओता. ते गाडीखाली पडताना दिसलं पाहिजे. आणि गाडी साचलेल्या पाण्यात बुडाली असेल, तर स्टार्ट करूच नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सरळ टो करून न्या.

आईचं ऑपरेशन छान झालं. आता रविवारी तीच विचारते, "पानं काढलीस का रे?"