टोपीला लागलेले तास



समोरच्या पिशवीत प्रत्येकाला क्रोशाची एक सुई, लोकरीचा एक गुंडा, शाडू मातीचा एक गोळा आणि एक छोटी वही मिळाली असेल. वही कशाला, असं दोघी-तिघींनी आल्या आल्या विचारलं. मला मुख्यतः त्या वहीबद्दलच बोलायचं आहे. पण आधी सुई.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. क्रोशा शिकले २०२० च्या टाळेबंदीत, तिशी ओलांडल्यावर. घरात ही सुई मी जन्मल्यापासून होती. माझी अम्मी नमाजाच्या टोप्या विणायची, जाळीच्या, पांढऱ्या दोऱ्याच्या. मला मात्र तिने हात लावू दिला नाही. मी सुई उचलली की म्हणायची, "रख दे. तेरे हात में किताब अच्छी लगती." टाळेबंदीत ऑफिस घरी आलं, संध्याकाळी डोळे दुखायला लागले, तेव्हा मीच तिच्याकडे हट्ट धरला. तिने एक जुनी सुई काढून दिली आणि पहिले आठ दिवस माझं सगळं विणकाम उसवलं.

उसवणं ही क्रोशाची गंमत आहे. दोन सुयांच्या स्वेटरमध्ये टाक्यांची अख्खी ओळ सुईवर उघडी असते. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो. तो ओढला की तासाभराचं काम अर्ध्या मिनिटात दोरा होऊन हातात येतं. आमच्या कामात चुकलेला कोड मागे घ्यायला इतकी सोय नाही.

आता टोपी. सुरुवातीच्या फासात ६ मुके खांब घालायचे. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. त्यापुढच्या फेरीत एका टाक्यात एक, शेजारच्यात दोन, म्हणजे १८. दर फेरीला ६ वाढले की चकती सपाट राहते. वाढ कमी पडली की वाटीसारखं वळतं. वाढ जास्त झाली की कडेला झालर सुटते. कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या डायना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये मुद्दाम अशी जास्त वाढ करून हायपरबोलिक पृष्ठभाग विणला. कागदावर विद्यार्थ्यांना जे नीट दाखवता येत नव्हतं, ते लोकरीत हाताळता आलं. तुमची झालर चुकून झाली, तरी निराश होऊ नका.

टोपीत प्रश्न एकच, वाढवणं कधी थांबवायचं. डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर असेल तर चकती साधारण १८ सेंटीमीटर रुंद झाली की थांबा आणि पुढे न वाढवता विणत राहा. कडा आपोआप खाली वळते. ५६ भागिले ३.१४, एवढंच त्यामागचं गणित. अम्मी चौथीपर्यंत शिकलेली. ती चकती पालथ्या तळहातावर ठेवून बघते आणि थांबते. मी मोजपट्टी लावली, तेव्हा तिचं उत्तर दोन-तीन मिलिमीटरनेही चुकलेलं नव्हतं.

मातीचंही गणित हेच. तळाला भाकरीएवढी जाड चकती थापा. मग कडबोळ्यांना वळतो तशा मातीच्या लांब वळ्या करा आणि एकावर एक रचा. वरची वळी खालचीपेक्षा लांब घेतली तर भांडं उघडतं, तेवढीच घेतली तर सरळ उभं राहतं, आखूड घेतली तर तोंड आवळतं. दोन वळ्यांच्या मध्ये काडीने ओरखडे काढून पाण्यात कालवलेली पातळ माती लावायला विसरू नका, नाहीतर वाळताना सांधा सुटतो. मळताना आत हवा राहू देऊ नका. सावलीत वाळवा, उन्हात घाई केली की तडा जातो. आणि हे भांडं पाण्यासाठी नाही. माती साधारण ६०० अंशांच्या पुढे भाजली, तरच ती पुन्हा पाण्यात विरघळत नाही, आणि ते घरच्या गॅसवर होणार नाही. पेन ठेवा, सुया ठेवा, लहान मुलांचे रंग ठेवा.

आता वही. मी टोपी विणायला घेतली तेव्हा सवयीने वेळ लिहून ठेवली. आमच्या कंपनीत पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशेब भरावा लागतो, अंगवळणी पडलेलं आहे. माझी पहिली टोपी अकरा तासांत झाली. मग मी अम्मीचा वेळ लावला. तिला न सांगता, कारण सांगितलं असतं तर ती भरभर विणली असती. पाच तास. मी विचारलं, माझ्या शाळेच्या दिवसांत एका टोपीला किती मिळायचे? बारा रुपये. दोरा व्यापाऱ्याचा. डाग पडला तर पैसे कापणार. म्हणजे तासाला दोन रुपये चाळीस पैसे. मी हे कॅल्क्युलेटरवर दाखवलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मैं तो खाली टाइम में करती थी." हा रिकामा वेळ कुठला, तर फजरनंतरचा, आणि रात्री आम्ही झोपल्यावरचा.

ही एका घरातली गोष्ट नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाची लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बायका दिवसाला सहा-आठ तास विणत होत्या, त्यांची लेस परदेशी जात होती, आणि कागदोपत्री त्या गृहिणी होत्या. त्यांच्या कामाला फावल्या वेळातला उद्योग म्हटलं जायचं. फावल्या वेळाचं कोणी भाव करून पैसे मागत नाही, व्यापाऱ्याला ते सोयीचं असतं.

त्यात आणखी एक तांत्रिक बाब आहे, ती फार जणांना माहीत नसते. स्वेटर यंत्रावर होतो, सूत यंत्रावर होतं, आपल्या जिल्ह्यात मालेगावला कापड यंत्रमागावर होतं. पण खरं क्रोशा भराभर काढणारं यंत्र अजून बाजारात रुळलेलं नाही. क्रोशासारखं दिसणारं पुष्कळ कापड यंत्राचं असतं, पण ते वेगळ्या पद्धतीने विणलेलं असतं. त्यामुळे मॉलमध्ये खरं क्रोशाचं टॉप अगदी स्वस्तात दिसलं, तर समजा की कुठेतरी कोणाच्या तरी हाताने त्यातला एक न एक टाका घातलेला आहे. किंमत बघून तास काढा. आजच्या नंतर तुम्हाला ते काढता येतील.

२००६ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरला. त्यात आईचा व्यवसाय असा रकाना होता. मी लिहिलं, गृहिणी. माझ्या पहिल्या सत्राच्या पुस्तकांचे पैसे टोप्यांचे होते, आणि हे लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल आला. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांमध्ये घरात बसूनच काम करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे, असं त्यात नोंदवलं आहे. मी तो पुष्कळ वर्षांनी वाचला. माझ्या अर्जातली अम्मी त्या मोजणीत आली असेल का, असं तेव्हा मनात आलं.

नाशिकमध्ये हे सगळं बोलताना मला पांडवलेणी आठवतात. शाळेची सहल सगळ्यांची गेली असेल, लेखाखाली उभं राहून डबाही खाल्ला असेल. १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक दराने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेच्या व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यांसाठी. हिशेब करून बघा. २००० चे वर्षाला २४० होतात, २० गुणिले १२. बरोबर जुळतं. आणि हा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला, नोंदवला, असंही तिथे कोरलंय. त्याच लेण्यात नंतरच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेन याच्या वेळचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी वेगवेगळ्या श्रेणींकडे पैसे ठेवले. त्यांतल्या 'कुलरिक' श्रेणीकडे १०००. अभ्यासक या शब्दाचा अर्थ बहुधा कुंभार असा घेतात.

म्हणजे आपल्याच गावच्या विणकरांवर आणि कुंभारांवर लोक ठेव ठेवण्याइतका विश्वास टाकत होते, कारण ते संघटित होते आणि त्यांची नोंद होती. त्या श्रेणींच्या घरांतल्या बायका सूत काढत असतील, माती तुडवत असतील. लेखात त्यांच्याबद्दल काही नाही. आजही देशात पुष्कळ ठिकाणी कुंभाराच्या घरची बाई माती मळते, चाळते, रंगवते, पण चाकाला हात लावायचा नाही असा रिवाज आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. कुंभार आहे, शिंपी आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे. क्रोशा विणणारी नाही. जाळं विणलं तर व्यवसाय, जाळीची टोपी विणली तर फावला वेळ! ई-श्रम पोर्टलवर मात्र घरबसल्या काम करणाऱ्यांना नोंद करता येते, वय १६ ते ५९, पैसे लागत नाहीत. ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. अम्मीचं वय तेव्हा बसत होतं, मी आधारकार्ड घेऊन तिला शेजारी बसवलं. व्यवसाय निवडताना तिने विचारलं, "लिख दूँ क्या सच में?" त्याने लगेच काही मिळालं नाही, खोटं कशाला सांगू. पण एका सरकारी यादीत तिच्या नावापुढे काम आहे. कार्ड तिने कुराण ठेवतो त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवलंय.

तुमच्यापैकी काहीजणी विकण्यासाठी विणतात, हे मला माहीत आहे. तुम्हाला मी सुई धरायला शिकवणं हास्यास्पद आहे, तुम्हीच माझ्या चुका काढा. फक्त एक महिना वहीत तीन गोष्टी लिहा. कधी बसलात, कधी उठलात, किती पैसे आले. दोरा स्वतःचा असेल तर त्याचा खर्च वेगळा लिहा. महिन्याने आपण सगळ्यांच्या वह्या एकत्र ठेवू आणि मग व्यापाऱ्याशी बोलायला जाऊ. एकटी गेली की तो म्हणतो, परवडत नसेल तर राहू दे, दुसरी आहे. दहा वह्या घेऊन दहाजणी गेल्यावर तो काय म्हणतो, ते मलाही ऐकायचं आहे. आणि जे भाऊ इथे मुलांना सोडून परत जाणार होते, त्यांनी बसावं. सुया जास्त आणल्या आहेत.

आता अकरा वाजून वीस मिनिटं झालीत. वहीत वेळ टाका. डाव्या हाताच्या तर्जनीवर दोरा गुंडाळा, एक फास करा आणि त्यात सहा मुके खांब घाला.