शर्टाआडची छाती



प्लास्टिक सर्जरीच्या परिषदेत अध्यक्षीय भाषणाचा एक रिवाज पडून गेला आहे. सुश्रुतापासून सुरुवात करायची, पुण्यात शस्त्रक्रियेनं नव्यानं घडवलेल्या कावसजीच्या नाकाशी क्षणभर थांबायचं आणि मायक्रोसर्जरीवर समारोप करायचा. तो वारसा मलाही प्रिय आहे. पण आज मला पुरुषांच्या वाढलेल्या छातीबद्दल, म्हणजे गायनेकोमास्टियाबद्दल बोलायचं आहे. आपल्यापैकी प्रत्येकजण ही शस्त्रक्रिया करतो, तरी तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की या रुग्णाला सुरीच्या आधी तपासणाऱ्या हाताची गरज असते आणि नेमका तोच त्याला मिळत नाही.

हा मुलगा तुम्हा सर्वांच्या ओळखीचा आहे. वय चौदा ते बावीस. खांदे पुढे आलेले, पोक काढून बसलेला, ऐन मे महिन्यात शर्टाखाली दोन बनियन. विहिरीवर पोहायला जायचं त्यानं कधीच सोडलेलं असतं. तालमीत जातो, पण अंगातला टी-शर्ट काढत नाही. बोलते त्याची आई. तो जमिनीकडे बघत असतो. वडील म्हणतात, “व्यायाम कर म्हणतो, ऐकतच नाही.” आणि याआधी ज्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी लांबूनच सांगितलेलं असतं, “वयात येतोय, जाईल आपोआप.”

हे वाक्य पुष्कळदा खरं असतं, म्हणून तर ते घातक आहे. बहुसंख्य नवजात मुलांची छाती आईच्या संप्रेरकांमुळे थोडी फुगलेली असते आणि काही आठवड्यांत ओसरते. तेराव्या-चौदाव्या वर्षी इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉनचा तोल काही काळ ढळतो, बोंडामागे दुखरी गाठ लागते आणि सहा महिने ते दोन वर्षांत ती बहुतेकांत विरून जाते. उतारवयात पुन्हा तेच होतं. टेस्टोस्टेरॉन घटतं, अंगावरची चरबी वाढते आणि त्या चरबीतलं अ‍ॅरोमॅटेज नावाचं विकर पुरुषी संप्रेरकाचं स्त्री-संप्रेरकात रूपांतर करत राहतं. पण जी वाढ वर्षभरात ओसरत नाही, तिच्यात हळूहळू तंतुमय ऊतक भरतं. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात टॅमॉक्सिफेनसारख्या औषधाचा उपयोग होऊ शकतो. एकदा ते तंतू पक्के झाले की ना गोळी चालते, ना जोर-बैठका. त्या मुलाला तीन वर्षं “व्यायाम कर” म्हणत राहणं म्हणजे जे त्याच्या हातात नाही त्याबद्दल त्याला दोषी ठरवणं.

सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्यानं हे सगळं ओळखलं होतं. वयात येताना मुलांचीही छाती थोडी फुगते आणि बहुतेकांची ती बसते, काहींची मात्र वाढतच जाते, असं त्यानं नोंदवलं. शस्त्रक्रियाही सांगितली: छातीखाली चंद्रकोरीसारखा छेद, आतली चरबी काढणं, टाके, फारच लोंबत असेल तर दोन चंद्रकोरी. आणि शस्त्रक्रिया का करावी, तर या वाढीमुळे पुरुषाला बायकी म्हणून हिणवलं जातं, म्हणून. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याला रुग्णाची लाज हे शस्त्रक्रियेचं पुरेसं कारण वाटलं. आज आपल्यातलेच काही जण तिला ‘नुसतं कॉस्मेटिक’ म्हणून बाजूला सारतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तपासणीकडे येतो. विद्यार्थ्यांनो, हे नीट ऐका. पडदा ओढा, मुलाची इच्छा असेल तर आईवडिलांना बाहेर बसवा. त्याला उताणा झोपवा, हात डोक्यामागे घ्यायला सांगा. अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू बोंडाकडे सरकवा. बोंडाच्या बरोबर खाली रबरी, घट्ट, सरकणारी चकती बोटांना अडली, तर ती ग्रंथी. काही न अडता बोटं एकमेकांजवळ आली, तर ती नुसती चरबी. हे करायला अर्धं मिनिट पुरतं आणि पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो.

पण हात तिथेच थांबवू नका. वृषण तपासा. मी पाहिलेल्या कितीतरी केसपेपरांवर ही नोंदच नसते. वृषणात गाठ असू शकते. दोन्ही वृषण लहान आणि टणक लागले, तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमचा विचार करा. १९४२ साली त्या व्याधीचं पहिलं वर्णन झालं, तेव्हा त्याच्या शीर्षकातच गायनेकोमास्टिया होता. यकृत, थायरॉइड, मूत्रपिंड पाहा. औषधं विचारा: स्पायरोनोलॅक्टोन, केटोकोनाझोल, रिस्पेरिडोन, प्रोस्टेटच्या गोळ्या. दारू विचारा. आणि जिममधल्या पोराला, न रागावता, इंजेक्शनांबद्दल विचारा. दंड फुगवण्यासाठी टोचलेल्या स्टेरॉइडचं शरीरात इस्ट्रोजेन होतं आणि छाती वाढते. ते चालूच असेल तर शस्त्रक्रियेनंतरही वाढ परत येऊ शकते. गाठ एकाच बाजूला, बोंडापासून सरकलेली, दगडासारखी असेल किंवा बोंडातून रक्त येत असेल, तर सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायॉप्सी. स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत पुरुष सुमारे १ टक्काच असतात, पण ते उशिरा येतात, कारण पुरुषाला हा आजार होतो हेच घरात कुणाला ठाऊक नसतं.

आपल्या मातीतलं एक कारण पाठ्यपुस्तकांच्या तळटिपांत गेलं आहे, ते म्हणजे कुष्ठरोग. लेप्रोमेटस प्रकारात वृषणांना सूज येते, ते आक्रसतात आणि पुरुषाची छाती वाढते. बोटं वाकडी, नाक बसलेलं आणि त्यात ही छाती. त्या माणसाला गावात परत उभं राहणं किती कठीण होत असेल! मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या विकृतींवर अनेक वर्षं काम केलं. आपल्या शाखेला महाराष्ट्रात मान मिळाला तो अशा कामामुळे.

शस्त्रक्रियेबद्दल फार बोलत नाही, आज दिवसभर तेच ऐकायचं आहे. १९४६ साली वेबस्टरनं बोंडाभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेनं अर्धगोल छेद घेतला आणि व्रण लपवला. १९७३ साली सायमननं आकार आणि कातडीचा सैलपणा यांवरून श्रेणी ठरवल्या. पुढे लायपोसक्शन आलं, आणि आता बहुतेक ठिकाणी आपण दोन्ही जोडून करतो: चरबी नळीनं ओढायची, ग्रंथी छेदातून काढायची. नुसतं लायपोसक्शन करून चकती तशीच ठेवली, तर काही महिन्यांनी शर्टातून टोक पुन्हा दिसतं आणि पोरगं दुसऱ्या डॉक्टरकडे जातं. उलट सगळंच खरवडून काढलं, तर बोंड आत बसतं, बशीसारखा खड्डा पडतो, आणि तो भरून काढणं मूळ शस्त्रक्रियेपेक्षा कठीण. बोंडामागे सुमारे एक सेंटिमीटर जाडीचं ऊतक राखा. सर्जनचा कस या राखण्यात लागतो. टाके घालण्याआधी रक्तदाब नेहमीसारखा होऊ द्या आणि एकेक रक्तवाहिनी पुन्हा पाहा, कारण सुरुवातीच्या दिवसांतला सर्वांत मोठा त्रास रक्त साकळण्याचा. काढलेलं ऊतक प्रत्येक वेळी पॅथॉलॉजीकडे पाठवा. आणि कातडी जास्त वाटली तरी तरुण मुलाच्या छातीवर लगेच लांब छेद घेऊ नका. तरुण कातडी पुढच्या काही महिन्यांत बरीच आक्रसते, आणि आपल्याकडच्या छातीवरचे व्रण किती सहज केलॉइड होतात हे तुम्ही जाणता.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे सहकारी मला सांगतात, की त्यांच्याकडे येणारी कितीतरी मुलं सैन्यभरतीची असतात. पहाटे उठून धावणारी, मैदानी चाचणी पार केलेली मुलं वैद्यकीय तपासणीत छातीमुळे अडकतात. मग शेत विकून किंवा व्याजानं पैसे आणून शस्त्रक्रिया होते, तीही जाहिरात पाहून, ‘आज ऑपरेशन, उद्या घरी’ म्हणणाऱ्याकडे. त्या जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा फोटो असतो. बधिर झालेलं बोंड, सहा आठवडे घालायचा घट्ट पट्टा, दोन बाजूंतला फरक यांचा उल्लेख नसतो. हे पैसे आणि ही घाई आपण वाचवू शकतो, मुलगा सोळा-सतराचा असतानाच कुणी तपासला तर.

म्हणून परिषदेपुढे दोन ठराव मांडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळाशाळांत जातात. त्यांतल्या डॉक्टरांना या तपासणीचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आपण विनामूल्य द्यावं, मुलांच्या खासगीपणाची पूर्ण काळजी घेऊन. दुसरा, सदस्यांनी रुग्णांचे फोटो जाहिरातीत वापरणं थांबवावं, चेहरा झाकलेला असला तरी. पहिल्या ठरावासाठी प्रत्येक जिल्ह्यातून निदान एक नाव हवं. नोंदवही दाराशी ठेवली आहे. दुपारच्या सत्रापूर्वी तीत सही करावी, ही विनंती.