शिक्षा संपल्यानंतर आपले कर्तव्य



अंगुलिमालाची कथा आपण विहारात नेहमी ऐकतो. भगवंतांनी त्याला संघात घेतले, इथे बहुतेक वक्ते थांबतात. पण सुत्त पुढे जाते. भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा दगड-काठी लागून त्याचे डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. माणूस बदलला होता, समाज बदलला नव्हता.

आज शिक्षा भोगून आलेल्याला कोणी दगड मारीत नाही. पण "कागद आणा, मग या" हे शब्दही तितकेच लागतात. फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर किमान 14 वर्षे तुरुंगात काढावी लागतात. पंचेचाळिशीत गेलेला माणूस साठीला टेकून सुटतो. आपल्या इटियाडोहच्या कालव्याखाली रोवणीचे काम निघते, परंतु त्या वयात दिवसभर चिखलात वाकणे झेपत नाही. घर पडलेले, शिधापत्रिकेत नाव नाही, ओळख द्यायला कोणी नाही.

आम्ही बँकेत काम करतो, म्हणून त्यातले सांगतो. 2 वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते. 10 वर्षांनी त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. पैसे बुडाले असे समजून म्हातारा माणूस परत फिरतो. ते बुडत नाहीत! ओळख व पत्त्याचा पुरावा घेऊन आपल्याच शाखेत अर्ज केला की मिळतात. खाते पुन्हा सुरू करायला 1 एप्रिल 2024 पासून शुल्कही नाही. वय 65 झालेल्या निराधारास तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजनेचा अर्ज करता येतो.

औंध संस्थानाने 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंतीऐवजी विश्वास ठेवला आणि कैदी शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' हा 1957 चा चित्रपट त्यावरूनच सुचला.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे दुःख विसरा, असे आम्ही म्हणत नाही. पण शिक्षा न्यायालयाने दिली आणि ती भोगून झाली. त्यापुढची शिक्षा देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

विद्यार्थी मित्रहो, अर्ज लिहून द्या. आपल्या संस्थेच्या सभासदांनी बँकेत, तहसीलीत त्या बाबांसोबत जावे. आणि पौर्णिमेला विहारात त्यांना आपल्या शेजारी सतरंजीवर बसवावे. मैत्री आणि करुणा म्हणतात ती हीच.

नमो बुद्धाय! जय भीम!